इंकांच्या खोऱ्यात एक दिवस

इतिहासाच्या पुस्तकात इंका साम्राज्याचा उल्लेख चार-दोन ओळींत येतो आणि त्या ओळींच्या शेवटी बहुधा त्याचा नाशही सांगितलेला असतो. १५३२ च्या नोव्हेंबरात फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिश सरदाराने सम्राट अताहुआल्पा यास कैद केले, पुढल्याच वर्षी त्याचा वध केला आणि कुस्को ही राजधानी हस्तगत केली. एवढे वाचून आपणांस वाटते की सारे संपले. ते खरोखरच संपले काय, हे पाहावयाचे असेल तर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, उरुबांबा नदीच्या खोऱ्यात गेले पाहिजे. कुस्कोहून मोटार व जाणता वाटाड्या ठरवून प्रवासी एका दिवसात हा प्रदेश पाहून येतात. नकाशा पुढे ठेवून आपणही त्या वाटेने जाऊ या.

कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाई शिखराच्या दुपटीहून अधिक उंच आहे. तेथील हवा विरळ असल्यामुळे नवख्या माणसाला चार पायऱ्या चढताच धाप लागते. शहरातील सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी आपला मठ बांधला. १९५० च्या भूकंपात त्या मठाची मोठी पडझड झाली. परंतु चुन्याशिवाय, दगडाला दगड नेमका घासून बसविलेल्या इंकांच्या भिंती बहुतांशी जशाच्या तशा उभ्या राहिल्या.

वाटेवरील पहिले गाव चिंचेरो. येथे इंका राजवाड्याच्या भिंतींवर चर्च उभे आहे. या गावचे खरे वैभव मात्र त्याच्या स्त्रियांच्या हातांत आहे. मागाचे एक टोक खुंटाला व दुसरे आपल्या कमरेला बांधून त्या लोकरीचे रंगीत पट्टे विणतात. लाल रंग मिळतो तो निवडुंगावर वाढणाऱ्या एका इवल्याशा किड्यापासून. नक्षीचा कागद पुढे नसतो; धाग्यांचा हिशेब आईने मुलीला शिकविलेला असतो. विणताना त्यांचे जे बोलणे चालते ते केचुआ भाषेत, म्हणजे इंकांच्याच भाषेत.

तेथून पुढे मोराय. जमिनीतील खोलगट भागात एकात एक बसविल्यासारखी वर्तुळाकार शेते पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जातात. वरच्या व तळाच्या पायरीवरील तापमानात फरक पडतो. म्हणून येथे निरनिराळ्या पिकांचे प्रयोग होत असावेत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. जवळच मारास येथे मिठागरे आहेत. गोव्यातील आपली मिठागरे भरतीच्या पाण्यावर चालतात. मारासची मात्र डोंगरातून येणाऱ्या खाऱ्या झऱ्यावर. उतारावरील हजारो लहान वाफ्यांत ते पाणी खेळवितात, आणि गावातील कुटुंबे आपापल्या वाफ्यांतून आजही मीठ काढतात.

दिवस कलू लागला की ओयांताय्तांबो गाठावे. डोंगराच्या कड्यावर सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्या ज्या खाणीतून आणल्या ती खाण नदीपलीकडील डोंगरात, उंचावर आहे. इंकांपाशी लोखंडी हत्यारे नव्हती, चाकाची गाडी नव्हती, ओढणारा बैलही नव्हता. होते ते दोर, उतरणी आणि माणसांचे खांदे. काही शिळा वाटेतच राहिल्या. लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. दगड कधी थकत नाही. थकली ती माणसे. इंकांच्या राज्यात प्रजेला कर म्हणून श्रम द्यावे लागत, आणि जिंकलेल्या लोकांना गावेच्या गावे उठवून दूर वसविले जाई. जेमतेम शंभर वर्षे टिकलेल्या या साम्राज्याचे कौतुक करताना ही बाजू विसरता कामा नये. याच ठिकाणी मान्को इंका याने खालच्या मैदानात पाणी सोडून स्पॅनिश घोडदळाला माघार घ्यावयास लावली. ती लढाई जिंकली, राज्य मात्र गेले. तरी गावातील गल्ल्यांची आखणी आजही इंकांचीच आहे. दगडी पाटांतून पाणी खळखळते आणि त्या जुन्या भिंतींच्या आत लोकांच्या चुली पेटतात.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. सम्राट गेले, सोने लुटले गेले; मग उरले काय? शेतकऱ्याने सांभाळले ते उरले. डोंगरउतारावरील पायऱ्यांच्या शेतांत तळाशी मोठे दगड, वर खडी व वाळू आणि त्यावर माती, अशी रचना असते. त्यामुळे पाणी मुरते आणि बांध ढासळत नाही. बटाट्याचा उगम याच पर्वतराजीतला. कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठवून, दिवसा पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढतात आणि उन्हात वाळवितात. असे बटाटे वर्षानुवर्षे टिकतात. 'आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या' ही श्रमांची देवघेव आजही तेथे 'आयनी' या नावाने चालते. केचुआ भाषाही टिकली. १९७५ साली पेरूने तिला राजभाषेचा मान दिला. जी भाषा घरात बोलली जाते ती राज्य बुडाल्याने बुडत नाही. घरातून गेली तरच बुडते. आपण रोज खातो त्या बटाट्याची जन्मभूमी हीच, आणि त्याचे नाव आपल्याकडे पोर्तुगीजांच्या तोंडून आले.

हा वारसा निर्धोक आहे असे मात्र नव्हे. २०१९ साली चिंचेरोनजीक नव्या विमानतळासाठी जमीन खणू लागली, तेव्हा अनेक इतिहासकारांनी व पुरातत्त्वज्ञांनी विरोध केला. तर रोजगार मिळेल म्हणून गावातील कित्येकांना तो हवासा वाटला. दोन्ही बाजूंना वजन आहे. जुने दगड जपताना त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या माणसांच्या पोटाचा विचार करावाच लागतो. आणि पोटाचा विचार करताना ते दगड पुन्हा घडविता येणार नाहीत, हेही ध्यानी ठेवावे लागते.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, कोणतेही प्राचीन स्थळ पाहण्याचा योग आला तर तीन प्रश्न बरोबर न्यावे : हे कोणी बांधविले, कोणाच्या श्रमांनी बांधले गेले, आणि आज येथे कोण राहते? पहिल्याचे उत्तर पुस्तकात सापडेल. उरलेल्या दोहोंसाठी मात्र डोळे आणि कान उघडे ठेवून त्या गावातून पायी हिंडले पाहिजे.