अंग दुखलं म्हणजे स्नायू वाढला असं नाही

‘काल लेग्ज मारले, आज जिना उतरता येत नाही, म्हणजे मसल बनतायत ना, डॉक्टर?’ जिमला जाणारी मुलं हा प्रश्न मोठ्या अभिमानानं विचारतात. उत्तर आहे : नाही. अंग दुखतं ते सवय नसलेल्या श्रमानं. दिवाळीच्या साफसफाईत माळा झाडला तरी खांदे दुखतात, पण त्यानं ते भरत नाहीत. ब्राझीलमधल्या संशोधकांनी दहा आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांचे स्नायू तपासून २०१६ साली आपले निष्कर्ष मांडले. पहिल्या दिवशीच्या व्यायामानंतर स्नायूंत नवी प्रथिनं सर्वाधिक वेगानं तयार झाली होती, पण ती झालेल्या इजेच्या डागडुजीतच खपली. खऱ्या वाढीशी या प्रथिनांचा मेळ बसला तो पुढच्या आठवड्यांत, इजा कमी झाल्यावर. जो दर वेळी दुखवून घेतो, तो नुसती डागडुजीच करत राहतो.

मग स्नायू वाढतो कशानं? सोसेल इतपत, पण हळूहळू वाढत जाणाऱ्या भारानं. आखाड्यात जोर-बैठकांचा आकडा असाच चढवत नेतात. वैद्यकात ही पद्धत रुजवली डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना वजनं उचलायला लावली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल एवढं वजन ठरवायचं आणि ताकद वाढेल तसं ते वाढवायचं, हा त्यांचा हिशेब होता. तुम्हीही तेच करा. १० किलोचं डंबेल तिन्ही सेटमध्ये आठ वेळा उचलता येतं ना? मग बारापर्यंत जा. बाराही नीट जमले की १२.५ किलो घ्या आणि पुन्हा आठवर या. हे सगळं वहीत लिहून ठेवा. महिनाभर वहीतला आकडा हलला नाही, तर अंग कितीही दुखो, वाढ थांबलेली आहे. अशा वेळी झोप, जेवण आणि विश्रांतीचे दिवस तपासा.

काही जण म्हणतात, वजन वाढवलं तर सांधे झिजतील. भीती अगदीच निराधार नाही, कारण स्नायूंपेक्षा स्नायुबंध सावकाश बळकट होतात. एकदम दहा किलो चढवणाऱ्याचा खांदा दुखावणारच. पण तो दोष घाईचा आहे. सांध्यांवर ताण नको असेल तर हलकं वजन घेऊन रेप्स वाढवा; थकव्याच्या जवळ जाईपर्यंत केलं तर स्नायू त्यानंही वाढतो. वय झालं ही सबबही टिकत नाही. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या लोकांनी आठ आठवडे वाढत्या वजनानं पायांचा व्यायाम केला आणि त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा आणि वजन उचलताना श्वास कोंडू नका.

खरा धोका आहे तो धीर नसलेल्यांना विकल्या जाणाऱ्या वस्तूंत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं स्पष्ट सांगितलं आहे. डाळ, अंडी, दूध, चिकन, सोयाबीन हे सगळं आपल्या बाजारात मिळतं. आणि मेफेन्टरमाइन? शस्त्रक्रियेदरम्यान घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते हे इंजेक्शन. जिममध्ये जोर यावा म्हणून ते टोचून घेणं म्हणजे हृदयाशी खेळ आहे. स्टेरॉइड्स तर वृषणं आक्रसवतात, यकृत आणि हृदय बिघडवतात. हे देणारा ट्रेनर असेल, तर ती जिम आजच सोडा.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत खूप खंडानंतर एकदम जोरदार व्यायाम केला आणि पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली, स्नायू सुजून कडक झाले, तर घरी लेप लावत बसू नका. स्नायू फुटून त्यातले घटक मूत्रपिंडात अडकत असू शकतात. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा.