गाडी उंच केली, पण रबरी बूट पाहिला का?



दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, चारचाकी धुतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. पण गाडीच्या पोटाखाली वाकून पाहणारा शंभरात एखादाच. पावसाळा सरला आणि गळीत हंगाम अजून लागायचा आहे, असे हे मधले दिवस खरे तर त्याच कामाचे. म्हणून आजचा पाठ एका हातभर रबराचा आहे.

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अभिमानाची गोष्ट आहे. पण आपला ऊस, कापूस आणि तूर काही त्या महामार्गावर पिकत नाही. शेतात जायला पांदणच आहे, आणि पांदणीत काळी माती. पाऊस पडला की चाकाला लोण्यासारखी चिकटते, आणि ऊन लागले की विटेसारखी कडक होते. मग घरची तरणी पोरं म्हणतात, "बाबा, गाडी दोन इंच उचलून घेऊ." आपणही हो म्हणतो. मीही म्हणालो होतो.

गाडी उचलली तेव्हा छान वाटले. पुढच्या हंगामात वळण घेताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज येऊ लागला. मी म्हटलं, खडा अडकला असेल. असे करता करता दोन महिने गेले. शेवटी अकोटला एका मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "काकाजी, हे बूट फाटलं तवाच आनाची होती गाडी. आता पुरा शाफ्टच गेला." बूट काही शे रुपयांचा, शाफ्ट हजारांचा. पण खरी किंमत ती नव्हे. तोडणी टोळी शेतावर उतरलेली, तिचे पाणी, किराणा, आजारी लेकराला दवाखान्यात नेणे हे सारे त्याच गाडीवर, आणि गाडी आठ दिवस उभी. तो दोष गाडीचा नव्हता, माझ्या दोन महिन्यांच्या आळसाचा होता.

बूट म्हणजे काय?

इंजिनची ताकद पुढच्या चाकापर्यंत एका दांड्याने, म्हणजे शाफ्टने जाते. पण पुढचे चाक वळतेही आणि खड्ड्याप्रमाणे वर-खालीही होते. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे लागतात. साधा क्रॉस जॉइंट वाकडा झाला की पुढचा दांडा एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश फिरतो, त्यामुळे स्टिअरिंगला हिसके बसतात. हा दोष घालवणारा सांधा १९२० च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने तयार केला. वाटीसारख्या घरात सहा पोलादी गोळ्या खाचांतून सरकतात, त्यामुळे सांधा वाकला तरी गती सारखीच राहते. यालाच आपले मेकॅनिक सी.व्ही. जॉइंट म्हणतात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिची ओढ पुढच्या चाकांवर असल्याने हा सांधा आणि त्यावरचा रबरी बूट आपल्याकडे गावोगाव पोचला.

जुन्या विलीज जीपच्या पुढे आडवा अखंड एक्सल असे आणि चाकाजवळचा सांधा लोखंडी गोळ्यात बंद असे. आज पुष्कळ गाड्यांची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात. तेथे सांधा उघड्यावर असतो आणि त्याचे रक्षण करतो तो घड्यांचा रबरी बूट. त्याची कामे दोनच: आतले ग्रीस बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरची माती-पाणी आत येऊ न देणे.

उंच गाडीचाच बूट लवकर का जातो?

थोडा हिशेब करू. चाकाचा घेर २.३ मीटर धरला तर १ किलोमीटरला सुमारे ४३५ फेरे होतात. शाफ्ट चाकाबरोबर सतत फिरणारा असेल तर १०,००० किलोमीटरला ४३ लाखांवर फेरे. दर फेऱ्याला बुटाची प्रत्येक घडी एकदा ताणली जाते आणि एकदा मिटते.

आता उंचीचे पाहू. शाफ्टच्या दोन सांध्यांत ४५ सेंटिमीटर अंतर धरले आणि सस्पेन्शन ५ सेंटिमीटर उचलले, तर शाफ्टचा कोन सहा अंशांहून जास्त वाढतो. घड्या एका अंगाने जास्त ताणतात आणि दुसऱ्या अंगाने एकमेकींवर घासतात. त्यात माती सुकून बसली की घासकागदच झाला. शिवाय उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाटीचे आणि तुरीचे खुंट खालून टोचतात ते वेगळेच.

सगळी उंची सारखी नसते, हेही समजून घ्या. मोठे टायर घातले किंवा चेसिसवर बॉडी तेवढी उचलली, तर शाफ्टचा कोन बदलत नाही. सस्पेन्शन उचलले तर बदलतो. २०१० साली आलेल्या थारच्या सी.आर.डी.ई. गाडीला पुढे टॉर्शन बार आहेत. अशा गाडीत बोल्ट आवळून पुढचा भाग वर घेता येतो आणि ते सोपे वाटते, पण त्याचा सगळा भार या बुटावर येतो.

ओळखावे कसे?

१. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर किंवा ब्रेकवर ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले की बूट फाटला समजा.
२. स्टिअरिंग पूर्ण वळवा म्हणजे बाहेरच्या बुटाच्या घड्या उघडतात. बॅटरीचा उजेड पाडून प्रत्येक घडीच्या खोबणीत पाहा. भेग आधी तिथेच पडते.
३. बूट फाटलाय, पण आवाज नाही: लगेच बदला, बहुधा सांधा वाचेल.
४. वळताना कट-कट आवाज येतो: सांधा झिजला. आता नुसता बूट बदलून उपयोग नाही.

कामाआधी जिवाची काळजी

हा भाग वगळून पुढे वाचू नका. काळ्या मातीच्या अंगणात जॅक लावू नये. माती वरून कडक दिसते, पण भार आला की जॅक तिरपा होऊन रुततो. काम काँक्रीटच्या खळ्यावर किंवा पक्क्या ओट्यावरच करावे. उंच गाडीला मूळचा जॅक पुरत नाही, मग लोक खाली विटा रचतात. वीट आधी न सांगता फुटते. त्याऐवजी जाड, सपाट, अखंड लाकडी ठोकळा घ्यावा किंवा मोठा जॅक मागून आणावा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावावी, हँडब्रेक ओढावा आणि गाडी चेसिसखाली दोन लोखंडी स्टँडवर टेकवावी. जॅक उचलण्यापुरताच, धरून ठेवायला स्टँड. गाडी स्टँडवर बसल्यावर हाताने हलवून पाहा. हलली तर खाली जाऊ नका. घरात दुसरे माणूस असल्याशिवाय हे काम सुरू करू नये.

साहित्य: आपल्या गाडीच्या मापाचा बूट, नव्या क्लिपा, नवी सर्कलिप आणि ग्रीसचे पाकीट (हे बहुधा एकाच संचात मिळते), हब नटचा गोटी पाना, टॉर्क पाना, सर्कलिप प्लायर, पितळी दांडी, हातोडी, जुन्या धोतराच्या स्वच्छ चिंध्या.

रीत

१. गाडी जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून, हब नट आणि चाकाचे नट फक्त सैल करा. हब नट काढून गाडी ढकलू नका, बेअरिंग बिघडते.

२. वर सांगितल्याप्रमाणे गाडी उचला, चाक काढा. ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने वर बांधा. नळीवर लोंबकळत ठेवू नका. ए.बी.एस.ची वायर असल्यास ती आधी सोडवा.

३. टॉर्शन बार असेल तर सावध. तो बार दोरीला पीळ द्यावा तसा पिळलेला असतो. बॉल जॉइंट एकदम सोडला तर आर्म जोराने उसळून हात मोडेल. आधी बोल्टचे उघडे आटे मोजून वहीत लिहा, मग बोल्ट सैल करून पीळ उतरवा आणि आर्मखाली जॅकचा आधार ठेवा. हे जमेल असे वाटत नसेल तर एवढे काम गॅरेजमध्ये करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

४. टाय रॉडचे टोक आणि बॉल जॉइंट सोडून हब बाहेर ओढा. शाफ्ट अडला तर आट्यांवर घण घालू नका. नट टोकाशी समपातळीत ठेवून, वर लाकूड धरून हलके ठोका.

५. आतले टोक काही गाड्यांत बोल्टने जोडलेले असते, काहींत डिफरन्शिअलमध्ये बसलेले असते. बसलेले असेल तर खाली घमेले ठेवा, तेल येईल. शाफ्टला धरून हिसका देऊ नका, आतला सांधा सुटून येतो. सांध्याच्या घराला धरून काढा.

६. शाफ्ट शिकंज्यात लाकडी फळ्यांमध्ये धरा. जुन्या क्लिपा आणि बूट कापून टाका. ग्रीस चिमटीत घेऊन चोळा. मऊ लागले तर नशीब. खरखरीत लागले तर माती आत गेली.

७. सांधा आणि शाफ्ट यांवर खूण करा. मग सांध्याच्या आतल्या कड्याला पितळी दांडी लावून ठोका, म्हणजे सांधा सर्कलिपवरून सुटेल. डिझेलने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. प्रत्येक गोळी आणि खाच उजेडात पाहा. खड्डे किंवा टवके दिसले, किंवा सांधा हातात ढिला लागला, तर नवा सांधाच घ्या. जीर्ण सांध्यावर नवा बूट म्हणजे कुजलेल्या धांड्यावर नवे गवत शाकारणे.

८. शाफ्टवर आधी लहान क्लिप, मग बूट, मग नवी सर्कलिप चढवा. हा क्रम चुकला तर सारे पुन्हा उघडावे लागते. पाकिटातले अर्धे ग्रीस गोळ्यांमध्ये दाबून भरा, उरलेले बुटात घाला. हे मोलिब्डेनम डायसल्फाइडचे काळे ग्रीस असते. ट्रॅक्टरच्या डब्यातले साधे ग्रीस येथे चालत नाही.

९. खुणा जुळवून सांधा ठोकून बसवा. सर्कलिप टिक करून बसली पाहिजे, ओढून खात्री करा. बुटाच्या कडा खाचांत बसवा. बोथट पेचकसाने कड किंचित उचलून अडकलेली हवा सोडा. बूट फुगलेला नको आणि पिचकलेलाही नको. मग क्लिपा आवळा. तार बांधू नका, ती रबर कापते.

१०. उलट्या क्रमाने जोडणी करा. टॉर्शन बारचे आटे वहीतल्या आकड्यावर आणा. नवा हब नट किंवा नवी स्प्लिट पिन वापरा. शेवटची आवळणी चाक जमिनीवर टेकल्यावर, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कप्रमाणे करा. तेल कमी झाले असेल तर भरा, आणि गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल दोन-चारदा दाबा.

११. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून बूट कुठे घासत नाही ना ते पाहा. ५०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा खाली वाका. पुढची चाकं सोडली-जोडली म्हणून अलाइनमेंटही तपासून घ्या.

चिकटवायचा जोडबूट बाजारात मिळतो. घरी पोचण्यापुरता तो ठीक, पण हंगाम त्याच्या भरवशावर काढू नये.

उंचीबद्दल दोन शब्द

उंच केलेल्या गाडीत नवा बूटही जुन्या बुटाच्याच वाटेने जाईल, कारण कोन तोच आहे. म्हणून टॉर्शन बार जास्त आवळला असेल तर मूळ उंचीवर आणणे हाच खरा इलाज. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या निकालात हेच सांगितले. अपघात झाला तर विम्याच्या दाव्याच्या वेळी हा प्रश्न पुढे येऊ शकतो. माझी गाडी मी पुन्हा खाली आणली. पांदणीत एक-दोनदा फसली, बैलजोडीने ओढून काढली. पण शाफ्ट पुन्हा गेला नाही.

शेवटी ट्रॅक्टरवाल्यांना एक सूचना. आपल्या टाय रॉडच्या टोकांनाही असेच छोटे रबरी बूट असतात. ते फाटले की तेथेही माती शिरते आणि स्टिअरिंग ढिले पडते. उसाची ट्रॉली मागे असताना ढिले स्टिअरिंग म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा यंदा हार घालण्याआधी बॅटरी घ्या, स्टिअरिंग एका बाजूला वळवा आणि खाली वाका. पाच मिनिटांचे काम आहे. पूजा त्यानंतर.