रंगीत फिल्मची रसायने : अर्धी बाटली का बिघडते?

मागील वर्षी आमच्या महाविद्यालयातील काही मुलांनी सहलीचा रंगीत रोल घरीच धुतला. तापमान, वेळ, सारे काटेकोर पाळले होते. तरीही चित्रे फिकट व निर्जीव उमटली. सहल पुन्हा काढता येते, पण ते क्षण गेले ते गेलेच. चौकशी करता कळले, की डेव्हलपर म्हणजेच विकासक द्रावण अर्ध्या भरलेल्या बाटलीत महिनाभर पडून होते.

रंगीत निगेटिव्ह फिल्म धुण्याची सी-४१ ही पद्धत कोडॅक कंपनीने १९७२ साली आणली. ती आजही रूढ आहे. तिच्यात फिल्म ३७.८ अंश सेल्सिअस तापमानाच्या विकासकात ३ मिनिटे १५ सेकंद ठेवतात. विकासकातील मुख्य रसायन प्रकाश पडलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणांना इलेक्ट्रॉन देते व चांदी सुटी होते. इलेक्ट्रॉन गमावलेले, म्हणजेच ऑक्सिडीकरण झालेले हे रसायन फिल्ममधील विशिष्ट द्रव्यांशी संयोग पावते आणि रंग तयार होतात.

परंतु हे इलेक्ट्रॉन घ्यायला हवेतील ऑक्सिजनही टपलेला असतो! त्याला थोपविण्यासाठी विकासकात सोडियम सल्फाइट घातलेले असते. ते स्वतः खर्ची पडून मुख्य रसायनाला वाचविते.

आता थोडे गणित करू. १ लिटरच्या बाटलीत निम्मा विकासक असेल, तर वर ५०० मिलिलिटर हवा असते. तिच्यात ऑक्सिजन सुमारे १०० मिलिलिटर. नेहमीच्या तापमानाला १ मोल वायू सुमारे २४ लिटर जागा व्यापतो. म्हणजे हा ऑक्सिजन ०.००४२ मोल झाला. १ मोल ऑक्सिजन २ मोल सल्फाइट संपवितो. सल्फाइटचा १ मोल म्हणजे १२६ ग्रॅम. तेव्हा जवळजवळ १ ग्रॅम सल्फाइट खर्च होईल. लिटरभर विकासकात ते सुमारे ४ ग्रॅमच असते. अर्ध्या लिटरात २ ग्रॅम! बाटली उघडली की ताजी हवा आत शिरते. दोन-तीनदा असे झाले, की पहारेकरी संपला.

आपली आजी लोणच्यावर तेलाचा थर राखते, तो हवा दूर ठेवण्यासाठीच. आपण विकासक लहान बाटल्यांत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेवावा. बाटली रिकामी होऊ लागली, तर स्वच्छ काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणावी. प्रत्येक बाटलीवर नाव व तारीख लिहावी. ब्लीच-फिक्सचे थोडे थेंबही विकासकात पडू देऊ नयेत. मोजपात्रे वेगळी असावीत.

आणखी काही पथ्ये कटाक्षाने पाळा. सरबताच्या बाटलीत किंवा घरच्या फ्रिजमध्ये ही रसायने कधीही ठेवू नका. लहान भावंडे फसतात. विकासकामुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की पुढे थोड्या स्पर्शानेही पुरळ उठते. म्हणून हातमोजे व चष्मा वापरा, खिडक्या उघड्या ठेवा. डोळ्यात थेंब उडाल्यास १५ मिनिटे पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा. ब्लीच-फिक्समध्ये आम्ल मिसळू नका. सल्फर डायऑक्साइड हा घातक वायू निघतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. तो विहिरीजवळ वा गटारात न ओतता, चांदी परत मिळविणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावा.

आता एक उदाहरण तुम्हीच सोडवा : बाटलीत २० मिलिलिटरच हवा राहिली, तर किती सल्फाइट खर्ची पडेल?