कूलंट आपोआप संपत नाही

लिक्विड-कूल्ड मोटारसायकलच्या रिझर्व्ह टँकमधली पातळी उतरली की बहुतेकजण वरून थोडं ओततात आणि गाडी काढतात. माझं पहिलं सांगणं याच सवयीविरुद्ध आहे. पेट्रोल जळतं, कूलंट जळत नाही. ते बंद फेऱ्यात फिरतं: इंजिनातून रेडिएटरमध्ये, तिथून पंपाकडे आणि पुन्हा इंजिनात. दोन सर्व्हिसिंगच्या मधे पातळी किंचित खाली येणं ठीक. पण टाकी वरचेवर खालच्या रेघेला टेकत असेल, तर कूलंट कुठून तरी बाहेर पडतंय किंवा इंजिनाच्या आत शिरतंय. कुठून, हे कळायच्या आत वरून ओतत राहिलं की गळती वाढत जाते आणि आपल्याला मात्र सगळं ठीक वाटत राहतं.

यामाहाची आर१५ २००८ मध्ये आली. २०१२ मध्ये पल्सर २०० एनएस आणि चाकणला बनलेली ड्यूक २०० आली, पुढे डॉमिनार आली. या लिक्विड-कूल्ड गाड्या आता आपल्या भागात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. मीही अशीच एक वापरलेली गाडी घेतली आणि बारामती-इंदापूर जाणं-येणं तिच्यावर सुरू केलं. गळीत हंगाम भरात होता. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी हळू चालवावी लागते. तिथे रेडिएटरचा पंखा लागला की थांबायचं नाव घेत नव्हता. पुढे लासुर्ण्याच्या बाजूला रस्ता मोकळा झाला की तापमान खाली यायचं. घरी संध्याकाळी गाडीखाली काहीच नसायचं, सकाळी मात्र फरशीवर हिरवट ओला डाग असायचा. एकदा गल्लीतलं कुत्रं तो डाग चाटताना दिसलं आणि मी त्याला हाकललं. त्याचं कारण पुढे सांगतो.

रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात हिरवट-पांढरा खार धरलेला दिसत होता. रेडिएटर फुटलाय, नवीन टाका, असा सल्ला मिळाला. खर्च मोठा होता, म्हणून आधी घरीच नीट बघायचं ठरवलं. रेडिएटर शाबूत निघाला. गळती त्याला जोडलेल्या खालच्या होसपाईपच्या क्लिपपाशी होती, आणि दुसरी एक गळती पंपाच्या सीलमध्ये होती. दोन्हींचं कारण एकच होतं: आधीच्या मालकाने वेळोवेळी भरलेलं बोअरचं पाणी.

बोअरचं पाणी काय करतं

बारामती-इंदापूरच्या बोअरच्या पाण्यातला क्षार कुणाला नवा नाही. नळाच्या तोटीवर, सोलरच्या पाईपात, गिझरच्या कॉइलवर तोच पांढरा थर बसतो. इंजिनात पाणी रोज तापतं, त्यामुळे तिथे तो आणखी लवकर बसतो. रेडिएटरच्या बारीक नळ्या अरुंद होतात. ॲल्युमिनिअमच्या ज्या तोंडावर होसपाईप चढतो, ते तोंड खरखरीत होतं आणि रबर नीट टेकत नाही. पंपाच्या सीलमध्ये कार्बनची आणि सिरॅमिकची अशा दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात. त्यांच्यात क्षाराचे कण शिरले की चरे पडतात आणि पाणी झिरपायला लागतं.

इथे एक मोह टाळा. ठिबकच्या नळ्या चोंदल्या की आपण ॲसिड सोडून साफ करतो. ते ॲसिड रेडिएटरमध्ये कधीही घालू नका. ते क्षारासोबत ॲल्युमिनिअमही खातं. गळती बुजवण्यासाठी मिळणाऱ्या पावडरी आणि द्रवही टाळा. भोक बुजो न बुजो, बारीक नळ्या बुजण्याची भीती मोठी.

गरम गाडीचं टोपण उघडू नका

रेडिएटरचं टोपण म्हणजे साधं झाकण नव्हे, त्यात झडप असते. बऱ्याच गाड्यांमध्ये ती साधारण १.१ बार दाबापर्यंत बंद राहते. साखर कारखान्यात पॅनमधली हवा काढून घेतात, म्हणून तिथे पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळतो. रेडिएटरमध्ये याच्या नेमकं उलट घडतं. दाब वाढला की उकळबिंदू वर जातो, आणि पाणी-कूलंटचं मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपासही उकळत नाही. अशा वेळी टोपण फिरवलं की दाब क्षणात जातो, मिश्रण एकदम उकळतं आणि तोंडावर-हातावर उडतं. म्हणून हे काम सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर करा. तेव्हाही टोपणावर जाड फडकं ठेवून हळू फिरवा.

टोपण हातात आलं की त्याचं रबर बघा. ते कडक झालं किंवा चिरलं असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट टाकीत जाऊन ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं. त्यातली दुसरी छोटी झडप अडकली, तर गाडी थंड होताना टाकीतलं कूलंट परत ओढलं जात नाही. मग टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत राहतो. म्हणून पातळी दोन्हीकडे बघायची. टाकीची रेघ बघताना गाडी सरळ उभी हवी; साइड स्टँडवर ती खोटी दिसते. बाकी सगळं कोरडं असेल तर आधी टोपण बदला, तो सगळ्यात स्वस्त सुटा भाग आहे.

शोध कोरड्या इंजिनावर घ्या

ओल्या-मळक्या इंजिनावर गळती सापडत नाही. चालत्या गाडीत वारा थेंब मागे ढकलतो, म्हणून डाग दिसतो तिथेच गळती असते असं नाही. गाडी धुवा, पूर्ण वाळू द्या, मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा. एक फेरी मारून या, गाडीखाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी टॉर्च घेऊन बसा. पावडरवर ओली वाट उमटलेली असते. तिची सगळ्यात वरची टोकाची जागा म्हणजे गळती.

ठिपका कशाचा, तेही ओळखता यायला हवं. कूलंट हिरवं, निळं, लाल किंवा गुलाबी असतं, बोटाला बुळबुळीत लागतं आणि वास गोडसर असतो. इंजिन ऑइल तपकिरी-काळं असतं. चव कशाचीही घेऊ नका.

वरून खाली या क्रमाने बघा: टोपण, वरचा होसपाईप, थर्मोस्टॅटचं घर, रेडिएटरची प्लास्टिक टाकी आणि जाळी जिथे जुळतात ती कड, दगड लागून वाकलेल्या पट्ट्या, खालचा होसपाईप, पंपाचं झाकण, ड्रेन बोल्ट. रात्री ठिबकून दिवसा कोरडं राहत असेल तर आधी क्लिपांवर संशय घ्या. गरम असताना रबर फुगून घट्ट बसतं, थंड झालं की आकसतं. माझ्याकडचा सकाळचा डाग याच कारणाने पडत होता.

काहीच सापडत नसेल तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर मागा. टोपणाच्या जागी हातपंप लावून थंड इंजिनातच दाब देतात. टोपणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर दाब नेऊ देऊ नका. काटा खाली येऊ लागला की गळती आहे हे नक्की, आणि बाहेरची असेल तर ती इंजिन न तापवता दिसते.

पंपाखालचं बारीक भोक

पंपाच्या खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. त्याच्या एका बाजूला पाण्याचं सील आणि दुसऱ्या बाजूला ऑइल सील असतं. भोकातून कूलंट आलं तर पाण्याचं सील गेलं, ऑइल आलं तर ऑइल सील गेलं. हे भोक एम-सीलने बुजवणारे भेटतात. तसं केलं तर सील ओलांडून आलेल्या कूलंटला बाहेर पडायला जागा उरत नाही. ते इंजिन ऑइलमध्ये शिरतं आणि बेअरिंग खराब होतात.

माझ्या गाडीत होसपाईपची क्लिप बदलल्यावर पातळी उतरण्याचा वेग कमी झाला, पण उतरणं थांबलं नाही. वर्तमानपत्रावरचा ठिपका आता पंपाखाली सरकला होता, आणि भोकाखाली हिरवा ओघळ दिसला. पंप उघडला तेव्हा आत पांढरा गाळ होता आणि सीलच्या चकतीवर चरे. आधीच्या मालकाला फोन केला, तेव्हा बोअरच्या पाण्याचं कळलं.

दुरुस्ती

क्लिपचं काम घरी सहज होतं. ड्रेन बोल्टखाली पसरट भांडं ठेवून कूलंट काढा. होसपाईप ओढून काढू नका, आधी पिळून मोकळा करा. तोंडावरचा खार नायलॉनच्या घासणीने काढा. कानस किंवा जाड पॉलिश पेपर लावू नका. पाईपाचं टोक कडक किंवा चिरलेलं असेल तर पाईपच बदला. क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. जास्त आवळली की रबर कापलं जातं. ड्रेन बोल्टचा वॉशर प्रत्येक वेळी नवा टाका. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा बघा. ॲल्युमिनिअममधले आटे गेले तर थेंबाच्या गळतीचं मोठं काम होतं.

पंपाचं सील बसवायला प्रेस लागतो. हातोडीने ठोकून बसवू नका. झाकण खोलता येत असेल तर सुटा भाग लेथवाल्याकडे किंवा अनुभवी फिटरकडे घेऊन जा. ऑइल सील आणि ओ-रिंगही त्याच वेळी बदला, आणि चकत्यांच्या घासणाऱ्या बाजूंना बोट लावू देऊ नका.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी हात घालू नका. ऑइल दुधाळ झालंय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही, किंवा सुरू इंजिनात रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केट गेल्याचा दाट संशय घ्या. गाडी चालवत नेऊ नका, टेंपोत घालून न्या.

भरताना

जुनं काढल्यावर डिस्टिल्ड वॉटरने आतून धुवा, निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग तयार मिश्रण भरा, किंवा घट्ट कूलंटात तितकंच डिस्टिल्ड वॉटर मिसळा. आपल्याकडे थंडीने पाणी गोठत नाही म्हणून नुसतं पाणी चालेल, असं काहीजण म्हणतात. पण कूलंट गंज रोखतं आणि उकळबिंदू वाढवतं, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या भागात हीच गरज मोठी आहे. रंग सारखा म्हणजे जात सारखी असं नसतं, म्हणून दोन कूलंट मिसळू नका. पुस्तिकेत सिलिकेट नसलेलं सांगितलं असेल तर तेच घ्या. सिलिकेटने पंपाचं सील झिजू शकतं.

हळू ओता, होसपाईप हाताने दाबत आतली हवा काढा. थंड इंजिन टोपण उघडं ठेवून सुरू करा, चेहरा लांब ठेवा. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहा, मग टोपण लावा. पंखा लागून बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या सकाळी रेडिएटर आणि टाकी पुन्हा बघा. टाकी वरच्या रेघेपर्यंतच भरा, जास्तीचं ओव्हरफ्लोतून पडतं आणि गळतीचा खोटा संशय येतो.

रस्त्यात तापली तर

निमगाव केतकीच्या अलीकडे भर उन्हात तापमानाचा दिवा लागला, तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरवर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. पूर्ण निवल्यावर, दुसरा इलाजच नसेल तर बाटलीबंद पाणी घाला. विहिरीचं किंवा बोअरचं नको. घरी पोहोचल्यावर ते सगळं काढून टाका.

अंगणातलं विष

आता त्या कुत्र्याला का हाकललं ते. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकोल असतं. ते चवीला गोड आहे आणि जालीम विष आहे. साधारण १०० मिलिलिटर पोटात गेलं तर मोठ्या माणसाचाही जीव जाऊ शकतो. कुत्र्या-मांजराला त्याहून फार थोडं पुरतं. आपल्या अंगणात लेकरं खेळतात, वासरं बांधलेली असतात. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नका. मोरीत, चारीत, कालव्यात ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ‘विष’ असं ठळक लिहा आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या वर्कशॉपला विचारून तिथे द्या. फरशीवरचा डाग माती किंवा भुशाने टिपून घ्या, मग जागा धुवा. कुणाच्या पोटात गेल्याचा संशय जरी आला, तरी लक्षणांची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात न्या, सोबत कूलंटचा डबाही न्या. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला पाहिजे. जनावर असेल तर लगेच पशुवैद्याला गाठा.

वापरलेली गाडी घेताना आपण टायर, चेन, किलोमीटर बघतो. त्यात एक प्रश्न घाला: रेडिएटरमध्ये काय भरलंय? थंड इंजिनाचं टोपण उघडून टॉर्च मारा. पांढरा थर किंवा गंजाळ पाणी दिसलं तर सील आणि होसपाईपचा खर्च धरूनच भाव ठरवा. आणि दुरुस्ती झाली की टाकीच्या रेघेशेजारी मार्करने तारीख लिहा. एक गळती सापडली म्हणजे शोध संपला असं समजू नका. रोजच्या वापरात, उन्हात आणि ट्रॉल्यांमागे चालूनही पातळी त्या खुणेवर टिकली, तरच काम झालं.