पगाराआधी जागा मोजा

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न ठरलेला असतो : पगार कशात जास्त मिळतो? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांना त्याचा अपुरेपणा पंचविशीत कळतो, तेव्हा हातात पदवी असते, वय निघून चाललेले असते आणि भरतीचे अर्ज भरणे एवढेच काम उरलेले असते. तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्यासारख्या गावातल्या विद्यार्थ्याने पगाराच्या आधी जागा पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे. आपल्याला जाऊन-येऊन किंवा खोली करून राहून काम करता येईल अशा टापूत त्या कामाच्या दरवर्षी किती जागा निघतात, त्यांच्यासाठी रांगेत किती जण उभे आहेत आणि त्या रांगेत उभे राहण्यासाठी नेमके किती शिक्षण लागते, हे आधी कळायला हवे. पगाराचा आकडा या तीन उत्तरांनंतरच अर्थपूर्ण होतो.

जास्त शिकले की काम आपोआप मिळते, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी मार्च २०२४ मध्ये भारतातील रोजगारावरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांपैकी २९.१ टक्के बेरोजगार होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये हे प्रमाण ३.४ टक्के होते. यावरून ‘शिकून काय फायदा’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल त्या मजुरीवर जातो, म्हणून तो बेरोजगारांत मोजला जात नाही. पदवीधराच्या घरचे त्याला काही वर्षे पोसू शकतात, त्यामुळे तो थांबतो. पण थांबतो कशासाठी? त्याच्या शिक्षणाला साजेशा जागा त्याच्या टापूत फार थोड्या आहेत, आणि प्रवेश घेताना ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते.

आता चोरखमाऱ्याकडे पाहू. गावाच्या नावाचा तलाव आणि नागझिरा अभयारण्याचे प्रवेशद्वार, या दोन गोष्टींसाठी गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे. गावाचे पोट मात्र धानावर चालते. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले, त्यानंतर तेंदूपत्ता, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत रोजगार हमीची कामे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. कोणत्याही नोकरीचा पगार याच्याशी ताडून पाहावा. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर ही रक्कम ८ हजार १०० रुपयांच्या थोडी वर जाते. गोंदियात खोली घेऊन, भाडे आणि जेवण भागवून हाती याहून कमी उरत असेल, तर त्या नोकरीचे मोल पगारात नाही, तिथे शिकायला काय मिळते यात आहे. शिकण्यासारखे काहीच नसेल, तर ती नोकरी निव्वळ तोट्याची.

गावाजवळची दोन मोठी नावे पालकांना फार आश्वासक वाटतात : व्याघ्र प्रकल्प आणि तिरोड्याचे वीजकेंद्र. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला. पर्यटक वाढले की गाईड वाढतील, जिप्सी वाढतील, असे वाटणे साहजिक आहे. पण व्याघ्र प्रकल्पात एका दारातून एका फेरीला किती गाड्या सोडायच्या याची मर्यादा ठरलेली असते, आणि जंगलाच्या भल्यासाठी ती असायलाच हवी. पर्यटकांची मागणी दुप्पट झाली तरी गाईडच्या जागा दुप्पट होत नाहीत. शिवाय पावसाळ्यात सफारी बंद असते, म्हणजे वर्षातले काही महिने त्या कामाची कमाई शून्य. फेरीमागे मिळणारे पैसे बारा महिन्यांनी गुणून हिशेब मांडणारे घर पहिल्याच पावसाळ्यात अडचणीत येते. तिरोड्याच्या वीजकेंद्राची क्षमता ३३०० मेगावॅट आहे, ६६० मेगावॅटचे पाच संच. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो विजेचा आहे, नोकऱ्यांचा नाही. असल्या केंद्रांत भांडवल प्रचंड लागते. उभारणी संपली की कायम माणसे त्या मानाने थोडी लागतात, आणि देखभाल-दुरुस्तीची बरीच कामे कंत्राटदारांमार्फत होतात. म्हणून ‘इथे मोठा प्रकल्प आहे’ एवढे ऐकून मुलाची शाखा ठरवू नये. कोणत्या ट्रेडची माणसे घेतात, कायम किती, कंत्राटी किती आणि दरवर्षी किती शिकाऊ उमेदवार घेतात, हे विचारावे.

सरकारी नोकरीची ओढ मला पूर्णपणे समजते. ज्या भागात इतर पगारदार कामे कमी, तिथे ती असणारच. पण तिथेही जागा मोजाव्यात. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत १७ हजार ४७१ पदांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका पदामागे सुमारे शंभर. २०२३ च्या तलाठी भरतीत ४ हजार ६४४ पदांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज होते, म्हणजे एका पदामागे दोनशेपेक्षा अधिक. जंगलालगतच्या मुलांना वनरक्षकाची भरती सर्वात जवळची वाटते. २०२३ च्या भरतीत त्या पदाची वेतनश्रेणी २१ हजार ७०० पासून सुरू होत होती. पात्रता बारावी, पण विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय हवा. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी चालत होती. पुरुषांना पाच आणि महिलांना तीन किलोमीटर धावणे होते. अकरावीला विषय निवडताना ही एक ओळ ठाऊक नसेल, तर दोन वर्षांनी फॉर्म भरतानाच मुलगा बाद होतो. शिक्षणाची माहिती नेमकी हवी ती अशी.

‘शंभरांतला एक माझा मुलगा का नसेल?’ असे आईवडील विचारतील. असू शकतो, आणि त्याने अर्ज जरूर करावा. माझा आग्रह एवढाच आहे की उरलेल्या नव्व्याण्णवांनी पुढे काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे. बारावीनंतर वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा दोन वर्षांचा आयटीआय करून भरतीची तयारी करणारा मुलगा आणि नुसती पदवी घेऊन तीच तयारी करणारा मुलगा, दोघांना पोलीस भरतीत संधी सारखीच असते. भरती हुकल्यावर मात्र दोघांची परिस्थिती अजिबात सारखी राहत नाही. महावितरणने डिसेंबर २०२३ मध्ये विद्युत सहाय्यकाच्या ५ हजार ३४७ जागांची जाहिरात काढली होती. ती मुलासोबत बसून वाचण्यासारखी आहे. त्यात दहावीसोबत वीजतंत्री किंवा तारतंत्री हे प्रमाणपत्र मागितले होते. नुसत्या पदवीधराला तिथे दार बंद. मानधन पहिल्या वर्षी महिना १५ हजार, दुसऱ्या वर्षी १६ आणि तिसऱ्या वर्षी १७ हजार, आणि समाधानकारक काम केल्यास तीन वर्षांनंतर नियमित पदावर नेमणूक. ‘महावितरणमध्ये लागला’ या वाक्यामागे सुरुवातीची तीन वर्षे अशी असतात. घरावर कर्ज असेल तर ती धरूनच हिशेब करावा लागेल.

खासगी संस्था सांगतात ते ‘सरासरी पॅकेज’ तर फारच जपून ऐकावे. समजा, दहा मुलांपैकी नऊ जणांना १२ हजार मिळाले आणि एकाला १ लाख २ हजार. सरासरी निघते २१ हजार, आणि त्या दहांपैकी एकालाही २१ हजार मिळालेले नाहीत. विचारायचे ते मधल्या मुलाला किती मिळाले हे. शिवाय एकूण किती मुले बाहेर पडली, त्यांतली किती लागली आणि वर्षभरानंतर किती टिकली, हेही विचारावे. ज्या संस्थेला हे सांगता येत नाही, तिथे शेत गहाण टाकून फी भरू नये.

चोरखमाऱ्यापुरती आकडेवारी कुठून आणायची, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेत कामगार सांख्यिकी विभाग प्रत्येक व्यवसायाचे मधले वेतन, लागणारे शिक्षण आणि दहा वर्षांत अपेक्षित जागा प्रसिद्ध करतो. त्यातून एक मोलाची गोष्ट दिसते : बहुतेक जागा नवी वाढ झाल्यामुळे नाही, तर जुनी माणसे निवृत्त झाल्याने किंवा काम सोडून गेल्याने रिकाम्या होतात. आपल्याकडे इतके तपशील नाहीत. तरी हात रिकामे नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल पाहणीच्या रचनेत जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा मूळ घटक धरला जातो. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन गोंदियासाठीही निघते. राज्याच्या महास्वयम आणि केंद्राच्या राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलवर जागा शोधता येतात. आणि सर्वांत उपयोगी माहिती तर विचारूनच मिळते. तिरोड्याच्या आयटीआयमधून मागच्या वर्षी बाहेर पडलेली मुले आज कुठे आहेत? गोंदियाच्या राइस मिलमध्ये यंत्र सांभाळणाऱ्याला किती मिळते आणि पोती उचलणाऱ्याला किती? पाच-सहा घरांनी मिळून अशी चौकशी केली, तर एका वहीत मावेल एवढा आपल्या टापूचा खरा नकाशा तयार होतो.

मुलींच्या बाबतीत हा टापू आणखी लहान धरला जातो, आणि तिथेच पालकांनी पुन्हा विचार करावा असे मला कळकळीने वाटते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि खासगी दवाखाने आहेत. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम हा परिचारिकेचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलीला काम घराजवळही शोधता येते आणि लग्न होऊन नागपूर, भंडारा, रायपूर कुठेही गेली तरी तिचे कौशल्य तिच्याबरोबर जाते. शासकीय अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५ हजार ४०० पासून सुरू होते. कंत्राटी आणि खासगी नोकरीत मात्र खूपच कमी मिळते, आणि पहिली नोकरी बहुधा तीच असते. दोन्ही आकडे तिच्यासमोर ठेवावेत. तिला रक्त पाहवत नसेल, रात्रपाळी झेपणार नसेल, तर कितीही जागा असल्या तरी तो मार्ग तिचा नाही. बाजारात काय आहे ते आकडे सांगतात, तिला काय जमेल ते तिलाच विचारावे लागते.

बाजार बदलतो, आजचा आकडा तीन वर्षांनी जुना होईल, हेही खरे. म्हणून एकाच कारखान्याला किंवा एकाच पदाला बांधून ठेवणाऱ्या शिक्षणापेक्षा अनेक ठिकाणी चालणारे कौशल्य निवडावे. वीजतंत्र्याचे काम वीजकेंद्रात आहे, तसेच राइस मिलमध्ये, रुग्णालयात, शेतातल्या सौरपंपावर आणि रेल्वेतही आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल मे महिन्यात लागतो. आयटीआय आणि अकरावीचे अर्ज त्याच सुमारास सुरू होतात आणि मग विचाराला सवड उरत नाही. चौकशी करायची ती या मधल्या दोन महिन्यांत, मोह वेचण्याच्या दिवसांत, मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन.