चित्र आहे, पण दिसत नाही

गावोगावच्या बारवा नि वीरगळ यांचे फोटो मी वर्णनासह संगणकावर नोंदवून ठेवतो. जुनं सॉफ्टवेअर फोटो स्वतःच्या पोटात ठेवायचं, त्यामुळे फाइलच्या नावाशी त्याला देणंघेणं नव्हतं. नवीन आलं ते मार्कडाउनवालं: नोंद म्हणजे साधा मजकूर, फोटो शेजारच्या फोल्डरमध्ये आणि नोंदीत फक्त त्याचा पत्ता. नोंदी तिकडे हलवल्या आणि कितीतरी फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. फोल्डरमध्ये मात्र प्रत्येक फोटो धडधाकट.

असं झालं की सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. न दिसणाऱ्या एका फोटोची प्रत काढा, तिला रोमन लिपीतला एकच साधा शब्द नाव म्हणून द्या आणि ती नोंदीत घाला. दिसली, तर दोष नावात आहे.

माझ्या एका फाइलचं नाव होतं ‘बारव #३ (उत्तर बाजू)’. विंडोजला ते चालतं. तिथे बंदी आहे ती प्रश्नचिन्ह, तारका, उभी रेघ, तिरप्या रेघा अशा मोजक्या चिन्हांवर. पण नोंदीतला पत्ता बऱ्याचदा वेबच्या नियमांनी वाचला जातो. त्या नियमांत # आलं की फाइलचं नाव संपलं. म्हणजे सॉफ्टवेअर शोधत होतं नुसती ‘बारव’, आणि तशी फाइल नव्हतीच! टक्क्याच्या चिन्हापुढची दोन अक्षरं संकेत मानली जातात; रिकाम्या जागेऐवजी % आणि २० दिसतात ते त्यामुळेच. शिवाय मार्कडाउनमध्ये पत्ताच कंसात असतो, तेव्हा नावातला कंस काही सॉफ्टवेअरना गोंधळात टाकतो. तोच फोटो पुन्हा डाउनलोड केला की ब्राउझर नावापुढे कंसात १ जोडतो, तोही याच फेऱ्यात अडकतो.

याहून छळणारा प्रकार आपल्या मराठीचा. ‘कोपऱ्यातला वीरगळ’ यातला ‘ऱ्या’ काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन बनवतात, तर काही र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब; संगणकाला दोन वेगळी नावं. ‘ॲ’चंही तसंच: एक अखंड अक्षर, किंवा अ वर चंद्र. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था तर ऱ फोडून र आणि नुक्ता असा साठवायची. फाइलला लॅपटॉपवर नाव दिलं आणि पत्ता फोनवर टंकला, की डोळे फाडून पाहिलं तरी फरक सापडत नाही. म्हणून पत्ता हाताने टंकूच नका. फोटो ओढून नोंदीत सोडा.

आता मी फाइलच्या नावात रोमन छोटी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवतो: गाव, तारीख (वर्ष आधी, म्हणजे क्रम नीट लागतो), क्रमांक. छोटी अशासाठी, की लिनक्सवर मोठं आणि छोटं अक्षर वेगळं धरलं जातं. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाल्यावरही मराठी नाव टाळावं लागतं, हे मला खटकतं. पण वीरगळाची हकिकत नोंदीत मराठीतच असते आणि शोधही तिथेच लागतो.

जुन्या फाइलींची नावं बदलण्याआधी सगळ्या फोल्डरची प्रत काढा. नाव शक्यतो सॉफ्टवेअरच्या आतूनच बदला. काही सॉफ्टवेअर मग नोंदींतले पत्तेही सुधारून घेतात. बाहेरून बदललेल्या नावाची त्यांना बहुधा खबरही नसते. मग तीच नोंद फोनवर आणि लॅपटॉपवर उघडून पाहा. दोन्हीकडे फोटो दिसल्याशिवाय जुनं सॉफ्टवेअर काढून टाकू नका.