इंग्रजी पत्रातला छोटा शब्द, धंद्यातला मोठा फरक

१९९६ साली रमजान ईदच्या तोंडावर आम्ही सुरतेच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे ड्रेस मटेरियलची ऑर्डर दिली होती. त्यांचे पत्र पुसदला आमच्या दुकानी आले. त्यात लिहिले होते, 'वुई हॅव पुट ऑफ युवर ऑर्डर.' आमची तालीम उर्दू माध्यमातली. 'पुट' म्हणजे ठेवणे, एवढे ठाऊक होते. माल आपल्यासाठी काढून ठेवला, असे समजून आम्ही निश्चिंत राहिलो, दुसरीकडे मागणी केली नाही. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, हे ईद उलटून माल आला तेव्हा कळले. मोसम हातचा गेला. चूक त्या व्यापाऱ्याची नव्हती, आमच्या वाचण्याची होती.

इंग्रजीत क्रियापदापुढे ऑफ, अप, इन, आउट, फॉर असा छोटा शब्द आला की पुष्कळदा अर्थच बदलतो. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे की, परक्या माणसाला हा प्रकार फार कठीण जातो. तेव्हा यात शरम बाळगण्याचे कारण नाही.

आपल्याकडेही असे आहेच. 'लिहून देणे' आणि 'लिहून घेणे' यांत देणारा कोण व घेणारा कोण, हे दुसऱ्या शब्दाने ठरते. उर्दूतही 'लिख देना' व 'लिख लेना' आहे. आपण दुसरे क्रियापद जोडतो, इंग्रजीत छोटा शब्द जोडतात, इतकेच.

धंद्यात लागणाऱ्या काही जोड्या पाहा. 'पुट ऑफ'मध्ये ऑर्डर लांबते, 'कॉल ऑफ'मध्ये रद्द होते. 'कॉल फॉर द गुड्स' म्हणजे माल नेण्यास येणे. 'डील इन क्लॉथ' म्हणजे कापडाचा व्यापार करणे, तर 'डील विथ' म्हणजे एखाद्याशी व्यवहार करणे. 'पे फॉर' म्हणजे मालाचे पैसे देणे, 'पे इन' म्हणजे बँकेत भरणा करणे, 'पे ऑफ' म्हणजे कर्ज पुरते फेडणे.

'राइट ऑफ' मात्र नीट समजून घ्यावे. आपल्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कर्जाची चर्चा नेहमीची. बँकेने कर्ज 'राइट ऑफ' केले म्हणजे आपल्या हिशेबातून बुडीत म्हणून काढले. तेवढ्याने कर्जदार सुटत नाही, वसुली चालू राहू शकते. माफीला 'वेव्ह' म्हणतात. २००८ सालची केंद्राची शेतकरी कर्जमाफी ही 'वेव्हर' होती. दोन्ही एकच समजणारा फसतो.

एक नियमही लक्षात ठेवावा. 'पुट ऑफ'बरोबर 'इट' आले तर ते मध्ये बसते : 'पुट इट ऑफ'. 'कॉल फॉर'मध्ये ते शेवटी जाते : 'कॉल फॉर इट'. उलट, काही ठिकाणी आपण छोटा शब्द उगाच जोडतो. 'डिस्कस अबाउट' व 'रिटर्न बॅक' चूक. नुसते 'डिस्कस' व 'रिटर्न' पुरे.

व्यापारी बंधूंनी एक करावे. वहीच्या मागच्या पानावर असे शब्द एकेकटे न लिहिता जोडीने, आणि ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासह लिहावेत. जोडीचा अर्थ पक्का ठाऊक नसेल, तर जाणकाराला विचारल्याशिवाय पत्राचे उत्तर देऊ नये. विचारायला पैसे पडत नाहीत, न विचारल्याचे आम्ही मोजले आहेत.